पिल्लू यायच्या आधी घर थोडं लहान करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ आठवड्यांचं पिल्लू पंधरा दिवसांनी घरी येणार आहे. घरात सहा वर्षांची मुलगी आणि एक म्हातारी मांजर आहे, घराभोवती बाग आहे, आणि कुत्रं पाळायची ही पहिलीच वेळ. सामानाची यादी तयार आहे. तिच्यात काही राहिलंय का आणि बागेत नेमकं काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

यादी वाचली. चांगली आहे, जरा जास्तच चांगली आहे. नऊ खेळणी, दोन अंथरुणं, तीन आकारांचे ब्रश, पावसाळी कोटसुद्धा. पण घरात त्याला कुठे जाऊ द्यायचं आणि कुठे नाही, याबद्दल एक ओळ नाही. मी वीस वर्षं पिल्लांना शिकवते आहे, खरं तर पिल्लांपेक्षा त्यांच्या माणसांनाच जास्त. पिल्लू यायच्या आधी घर बघून द्या म्हणून बोलावणं आलं की बहुतेक ठिकाणी हेच चित्र असतं: खरेदी झालेली असते, जागा ठरलेली नसते. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पहिले दोन-तीन महिने पिल्लाला अख्खं घर द्यायचं नाही, आणि अख्खी बाग तर नाहीच नाही. एक कोपरा द्यायचा, तो अगदी निर्धोक करायचा, तिथल्या सवयी बसल्या की पुढचं दार उघडायचं. सगळं घर पिल्लापासून वाचवणं आजवर कुणाला जमलेलं मी पाहिलं नाही. एक कोपरा सगळ्यांना जमतो.

याचं कारण फक्त सुरक्षितता हे नाही. पिल्लू दिवसभर शिकतच असतं, आपण शिकवत असू किंवा नसू. सोफ्यामागे एकदा शू केली आणि हलकं वाटलं, झाला धडा. पायपुसण्याचं टोक ओढून पाहिलं आणि घरातले तिघं ओरडत मागे धावले, तर त्याच्या लेखी तो घरातला सगळ्यात भारी खेळ ठरतो. जे त्याने कधी करूनच पाहिलं नाही, ते सोडवायला तुम्हाला सहा महिने घालवावे लागत नाहीत.

कोपरा कुठला निवडायचा? घरातली माणसं सगळ्यात जास्त वेळ जिथे बसतात-उठतात, तिथला. मागची रिकामी खोली 'त्याची खोली' म्हणून देऊ नका. कालपर्यंत ते आई आणि भावंडांच्या गराड्यात झोपत होतं, एकटं पडलं की रडणारच. खालची फरशी पुसता येण्याजोगी हवी. गालिचा नको, कारण मऊ आणि पाणी शोषणारी कुठलीही गोष्ट पायाखाली आली की पिल्लाला ती शू करायची जागा वाटते. बागेकडे जाणारं दार जवळ असेल तर उत्तम. कोपऱ्याला प्लेपेन, म्हणजे घडीचं जाळीचं कुंपण, लावा, किंवा लहान मुलांसाठी दाराला लावतात तसं गेट लावा. विकत घेण्याआधी गजांमधलं अंतर बघा. डोकं गेलं की बहुतेक धडही जातं, आणि धड अडकलंच तर पिल्लू मागे यायच्या ऐवजी पुढेच रेटतं.

क्रेट, म्हणजे पिल्लाला झोपायचा जाळीचा पिंजरा, तुमच्या यादीत आहे, पण 'मोठं झाल्यावरही पुरेल' असा घेतलाय. घेतलात तर घेतलात, त्याला मधे पार्टिशन घाला. पिल्लाला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता यावं एवढीच जागा हवी. त्याहून मोठी असली की ते एका टोकाला झोपतं आणि दुसऱ्या टोकाला शी-शू करतं, मग क्रेटचा अर्धा उपयोग गेला. पहिले काही दिवस क्रेटचं दार उघडंच ठेवा, खाणं आत द्या, त्याचं ते आत-बाहेर करू द्या. रागावून कधीही आत टाकू नका. आणि आत जाताना गळपट्टा काढून ठेवा. गळपट्ट्याची कडी जाळीत अडकली तर त्या भीतीने ते स्वतःला आवळून घेऊ शकतं.

फरशी गुळगुळीत असेल तर प्लेपेनमध्ये रबरी तळाच्या चटया घाला, जुनी योगा मॅटसुद्धा चालते. घसरणारं पिल्लू बघायला गंमत वाटते, पण या वयात हाडांची टोकं अजून कच्ची असतात, आणि तेच पाय रोज चहूकडे फाकणं चांगलं नाही. जिन्याला वर आणि खाली, दोन्हीकडे गेट.

आता टॉर्च घ्या आणि जमिनीवर आडवे व्हा. अगदी पोटावर. ओणवं होऊन बघणं वेगळं आणि गाल फरशीला टेकवून बघणं वेगळं. एका घरी मला अभिमानाने सांगितलं होतं की सगळं आवरून झालंय, तुम्ही फक्त नजर टाका. मी सोफ्याखाली टॉर्च मारला. एक केसांची पिन, खोडरबराचे दोन तुकडे, अर्धी रिकामी गोळ्यांची पट्टी, आणि रिमोटमधून कधीतरी निसटलेला बटण सेल. घरातल्या गृहस्थांनी तो सेल काही न बोलता उचलून खिशात टाकला. त्यांना तो महिनाभर सापडत नव्हता. बटण सेल घशात किंवा अन्ननलिकेत अडकला तर तिथल्या ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहू लागते आणि काही तासांतच आतली त्वचा जळून खोल जखम होते. तो गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट बघायची नाही, थेट डॉक्टर.

वायरींबद्दल सगळेच सांगतात, म्हणून एवढंच सांगते: चार्जर वापरात नसताना प्लगमधून काढायचा, बाकीच्या वायरी जाड पाइपात किंवा कपाटामागे. कधी झटका बसलाच तर आधी बटण बंद करायचं, मग पिल्लाला हात लावायचा. ते लगेच उठून शेपूट हलवू लागलं तरी दवाखान्यात न्यायचं, कारण विजेच्या झटक्यानंतर फुप्फुसांत पाणी साचायला काही तास लागू शकतात. आणि 'थोडे दिवस काढले की चावणं थांबेल' या भरवशावर राहू नका. पिल्लाला 28 दुधाचे दात असतात. ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात, आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत 42 पक्के दात येतात. म्हणजे चावण्याचा खरा जोर तुमच्याकडे आल्यानंतर दोन महिन्यांनी सुरू होणार. एखादं रबरी खेळणं फ्रीजरमध्ये ठेवून गार द्या, सुजलेल्या हिरड्यांना बरं वाटतं.

तुमच्या घरातली सगळ्यात धोक्याची खोली स्वयंपाकघर नाही, मुलीची खोली आहे. मोजे, केसांचे रबर, बाहुलीचे बूट, मणी, लोहचुंबकाचे तुकडे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोरा. दोरा किंवा रिबन पोटात गेली तर तिचं एक टोक कुठेतरी अडकतं, आतडी त्या दोऱ्यावर नाडीवर परकर चुणावा तशी चुणत जातात आणि कापलीही जातात. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. ओढण्याचा मोह फार होतो. त्या खोलीचं दार बंद, एवढा एकच नियम पुरे. मुलीला रोज खोली आवर म्हणून सांगण्यापेक्षा तो पाळणं सोपं आहे.

स्वयंपाकघरात झाकणाची कचऱ्याची बादली कपाटाच्या आत ठेवा. चॉकलेट, द्राक्षं, मनुके, कांदा, लसूण, शिजवलेली हाडं हे कुत्र्याला चालत नाही, हे तुम्ही वाचलं असेलच. कमी लोकांना माहीत असतं ते झायलिटॉल. शुगर-फ्री च्युइंगम, काही टूथपेस्ट, काही पीनट बटर यांत हे गोडवा आणणारं द्रव्य असतं. माणसाला त्याने काही होत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र इन्शुलिन एकदम उसळतं आणि अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर घसरू शकते. पिल्लू झोकांड्या खायला लागतं, झटके येतात, पुढे यकृतही निकामी होऊ शकतं. आता विचार करा, च्युइंगम घरात कुठे असतं? पर्समध्ये. डोकेदुखीची गोळी कुठे असते? पर्समध्येच. आणि पर्स कुठे असते? बाहेरून आल्या आल्या जमिनीवर, खुर्चीच्या पायाशी. माझ्या मते पावसाळी कोटापेक्षा दाराजवळची एक मजबूत खुंटी जास्त गरजेची आहे. आल्यागेल्यांच्या पिशव्याही तिथेच टांगायच्या. इब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल या माणसांच्या रोजच्या गोळ्या कुत्र्याला विषासारख्या ठरू शकतात, त्यामुळे 'थोडा ताप वाटतोय, अर्धी गोळी देऊ का' हा प्रश्न मनातसुद्धा आणू नका. वेफर्सची रिकामी पाकिटं आडवी फाडून टाका. चुरा चाटायला पिल्लू आत डोकं घालतं, श्वासासरशी पाकीट नाकाला चिकटतं आणि ते आपलं आपण निघत नाही.

आता बाग. तिथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण घरातल्या धोक्यांचा आवाज होतो, काहीतरी पडतं, फुटतं, कुणीतरी धावतं. बागेतले धोके मुकाट असतात, आणि त्यांतले बरेचसे कामाला लागायला दिवस घेतात.

पहिली गोष्ट, बाग म्हणजे पिल्लाला मोकळं सोडून आपण चहा प्यायची जागा नव्हे. पहिले काही आठवडे ते तुमच्याबरोबर, हलक्या पट्ट्यावर बाहेर येईल, ठरलेल्या जागी शी-शू करेल, थोडं हुंगेल, आणि तुमच्याबरोबरच आत जाईल. बाग कितीही सुरक्षित केली तरी हे बदलत नाही.

कुंपणाची फेरी दोनदा मारा, एकदा आतून, एकदा बाहेरून. बाहेरून उजेड दिसतो त्या फटी आतून दिसत नाहीत. तुमची मूठ जिथून जाते तिथून लहान जातीच्या पिल्लाचं डोकं जाऊ शकतं, हे माप धरा. फाटकाखालची फट सगळ्यांच्या नजरेतून सुटते. तिथे फळी ठोका, वीट ठेवू नका, वीट सरकते. उकरण्याची हौस पुढे येईलच. कुंपणाच्या पायथ्याशी जाळी उभी लावून तिचा फूटभर भाग आतल्या बाजूला, जमिनीखाली आडवा वळवून पुरला, म्हणजे इंग्रजी एल अक्षरासारखा, तर उकरणाऱ्याच्या नखांना जाळीच लागते आणि ते नाद सोडतं. कुंपणाला लागून ठेवलेली कुंडी, बाक, लाकडांचा ढीग या सगळ्या पिल्लाच्या दृष्टीने पायऱ्या आहेत. फाटकाची कडी आपोआप लागणारी असावी. पार्सल देणारा माणूस ती लावून जाईल असं धरून चालू नका.

झाडांबद्दल इंटरनेटवर इतक्या लांब याद्या आहेत की त्या वाचून माणूस एकतर सगळी बाग उपटतो किंवा वैतागून काहीच करत नाही. मी झाडांचे दोन गट पाडते: जीव घेऊ शकणारी आणि तोंड पोळवणारी.

पहिल्या गटात सगळ्यात वर सेगो पाम. पामसारखा दिसतो म्हणून हे नाव, प्रत्यक्षात तो सायकॅड नावाच्या वेगळ्याच वनस्पतिगटातला आहे. कुंडीत शोभतो, वर्षानुवर्षं टिकतो, म्हणून पुष्कळ घरांत असतो. त्याचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि बी सगळ्यात जास्त. कुत्र्याचं यकृत निकामी होतं, आणि उपचार करूनही सगळी वाचत नाहीत. अॅरिका पाम मात्र कुत्र्यांना अपायकारक नाही. दोघांची गल्लत सर्रास होते, म्हणून 'आमच्याकडे पाम आहे' एवढ्यावर मी समाधान मानत नाही, फोटो मागते. सेगोची पानं ताठ, टोकाला बोचणारी असतात आणि बुटक्या, खवल्यांच्या खोडावरून गोल पसरतात. अॅरिकाची लवचीक, आणि बुंध्यातून बांबूसारखे अनेक दांडे निघालेले. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांचं विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. वाळून पडलेली पानंही तितकीच विषारी, त्यामुळे छाटणी करून ढीग बागेतच ठेवला तर छाटणीचा उपयोग शून्य. एरंड आणि गुंजेच्या बिया, धोतरा, कळलावीचे कंद हेही याच गटात. ही झाडं काढा, किंवा पिल्लाच्या भागापासून पक्क्या कुंपणाने तोडा. मधला मार्ग नाही.

दुसऱ्या गटात मनीप्लांट, डिफेनबाखिया, फिलोडेंड्रॉन, अळू. यांच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावलं की जीभ-ओठ पोळतात, लाळ गळते, पिल्लू तोंड चोळत पळतं. त्रास होतो, पण जिवावर सहसा बेतत नाही. या कुंड्या टांगा किंवा उंच ठेवा, आणि निर्धास्त राहा. कोरफड खाल्ली तर उलट्या-जुलाब. गुलाबाचे काटे काय ते पिल्लू एकदाच शिकतं. जाता जाता मांजराबद्दल: घरात कापलेल्या लिलीच्या फुलांचा गुच्छ आणत असाल तर बंद करा. खऱ्या लिलीचे परागकण अंगावर पडून ते चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पिल्लाच्या निमित्ताने म्हातारीचाही एक धोका टळेल.

झाडांपेक्षाही झाडांना आपण काय घालतो ते बघा. इथे माझीच फजिती सांगते. माझं तिसरं कुत्रं पाच महिन्यांचं असताना मी गुलाबांना हाडांचा चुरा घातला, मातीत नीट मिसळला, वरून पाणी दिलं, आणि शहाणपणा केल्यासारखी झोपायला गेले. सकाळी सातच्या सात गुलाब उपटून ओळीने निजवलेले होते, प्रत्येक आळ्यात नाकाच्या आकाराचा खड्डा, आणि हे महाशय पोट तट्ट फुगवून पायरीवर बसलेले. कुत्र्याच्या नाकाला तो चुरा म्हणजे पुरून ठेवलेलं जेवणच. फार खाल्ला तर पोटात त्याचा सिमेंटसारखा गोळा होतो. आमचं एक्स-रे आणि दोन दिवसांच्या उलट्यांवर निभावलं. पण त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न माझ्या अजून लक्षात आहे: "पोत्यात एरंडीची पेंड होती का?" नव्हती, हे माझं नशीब. एरंडीच्या पेंडीत नीट प्रक्रिया झालेली नसेल तर रायसिन हे जहाल विष शिल्लक राहतं, तिचा वास कुत्र्यांना आवडतो, आणि लक्षणं दिसायला कित्येक तास जातात. पोत्यावर 'सेंद्रिय' लिहिलंय याचा अर्थ खाल्लं तर चालेल असा होत नाही. तुमच्याकडे मिश्र खत असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. पेंड असेल तर या वर्षापुरती बागेत घालू नका.

कंपोस्टच्या ढिगाला झाकण हवंच. कुजणाऱ्या अन्नावरच्या काही बुरशींच्या विषाने कुत्र्याला थरथर सुटते आणि झटके येतात. गोगलगायींसाठी टाकतात त्यांपैकी बऱ्याच गोळ्यांमध्ये मेटाल्डिहाइड हे विष असतं, तेही काही तासांतच असाच थरकाप आणतं. त्या गोळ्या बऱ्याचदा कोंड्यात मळलेल्या असतात, म्हणजे पिल्लाला आयताच खाऊ. उंदराचं औषध त्याहून फसवं. त्यातले बरेच प्रकार रक्त गोठू देत नाहीत, पण शरीरात आधीच असलेला साठा संपेपर्यंत काही दिसत नाही. तीन ते पाच दिवस पिल्लू खातं-पितं, खेळतं, आणि मग अचानक मलूल होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात. म्हणून 'खाल्लं असेल, पण ठीक दिसतंय' हे वाक्य उंदराच्या औषधाबाबत चालत नाही. त्याच दिवशी गेलात तर उपचार आहेत. घरात पूर्वी कधी, कुठल्या कोपऱ्यात ते टाकलं होतं, हे घरातल्या सगळ्यांना एकदा विचारा. माळ्यावर आणि पायऱ्यांखाली तीन वर्षांपूर्वीच्या वड्या सापडतात. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात त्या कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड लागतं आणि मूत्रपिंडांवर घाव घालतं. गाडीखाली थेंब दिसले तर पुसून धुऊन काढा.

पाण्याचं छोटं तळं असेल तर जाळी टाका किंवा पिल्लाला चढून येता येईल असा उतार करा. पोहता येणं वेगळं आणि गुळगुळीत काठावरून बाहेर येता येणं वेगळं. भरलेल्या बादल्यांनाही हेच लागू. गवत कापलेलं ठेवा, गोचीड उंच गवताच्या शेंड्याला वाट बघत बसतात. फरसबंदी तापते, हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्यावर पिल्लाला चालवायचं नाही.

जमिनीतल्या रोगांकडे आता येते, कारण बागेचा प्रश्न तिथे अडतो. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब आणणारा आजार. त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने, अनुकूल जागी वर्षभरही तग धरतो. तुमच्याआधी त्या घरात कुणाचं कुत्रं या आजाराने गेलं होतं का, हे शेजाऱ्यांना विचारा, आणि असेल तर पिल्लू आणण्याआधी डॉक्टरांशी बोला. लसींचे डोस साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून दोन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू निदान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालतात. मधल्या काळात अनोळखी कुत्री फिरतात त्या जमिनीवर त्याला सोडायचं नाही. पण घरात कोंडूनही ठेवायचं नाही. जग ओळखायची, नव्या गोष्टींना न घाबरता सामोरं जायची त्याची खिडकी तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत उघडी असते, आणि लसी पूर्ण होईपर्यंत ती थांबत नाही. कडेवर घ्या आणि रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं उभे राहा. सायकल, छत्री, दाढीवाला माणूस, शाळेतून सुटलेली मुलं, भोंगा हे सगळं तुमच्या हातांच्या उबेतून बघू द्या. तुमची बाग, जिथे बाहेरची कुत्री येत नाहीत, ती या काळात सोन्यासारखी आहे.

आणि जंत. पिल्लांमध्ये ते आईकडून जन्माआधीच आलेले असू शकतात, म्हणून डॉक्टर बारा आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी औषध देतात. यातल्या गोल जंताची अंडी मातीतून लहान मुलांच्या तोंडात गेली तर मुलांना त्रास होतो. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच लागण करत नाहीत, त्यांना मातीत दोनेक आठवडे लागतात. त्यामुळे रोजची शी रोज उचलली की प्रश्न बराचसा मिटतो. मुलीचा वाळूचा हौद असेल तर तो झाकून ठेवा, आणि शी-शूची जागा त्याच्या दुसऱ्या टोकाला निवडा.

ती जागा आत्ताच ठरवा, पिल्लू आल्यावर नको. झोपेतून उठलं, खाल्लं, खेळून झालं, की दर वेळी त्याच जागी. वय जितके महिने त्यात एक मिळवा, तेवढे तास ही दिवसाची कमाल मर्यादा समजा. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला जास्तीत जास्त तीन तास, आणि प्रत्यक्षात त्याच्याही बऱ्याच आधी बाहेर न्या. रात्री निदान एकदा उठावं लागेल. शाबासकी तिथल्या तिथे, काम होताक्षणी द्यायची. आत येऊन बिस्कीट दिलं तर ते आत येण्याचं बक्षीस होतं. घरात चुकलंच तर एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. अमोनियाचा फिनेल नको, त्या वासाने जागेवर शिक्कामोर्तब होतं. नाक घासणं, ओरडणं यातून पिल्लू एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे जातं.

माणसांची तयारी. एक कागद घ्या आणि पिल्लासाठीचे शब्द लिहून फ्रीजवर लावा: बसायला कुठला, सोडून दे म्हणायला कुठला, बाहेर न्यायला कुठला. एकाने 'नको', दुसऱ्याने 'नो' आणि तिसऱ्याने त्याचं नाव ओरडलं तर त्याच्यासाठी तो नुसता कलकलाट. मुलीला तीनच नियम: झोपलेल्याला हात नाही, खाणाऱ्याला हात नाही, उचलायचं नाही; मांडीवर हवं असेल तर जमिनीवर बसायचं आणि त्याला येऊ द्यायचं. या वयाची पिल्लं दिवसाचे अठरा ते वीस तास झोपतात. संध्याकाळी वेड लागल्यासारखं चावत सुटलेलं पिल्लू बहुतेक वेळा खेळायला मागत नसतं, दमलेलं असतं. मांजराला एक खोली पूर्ण तिची हवी, तिला उडी मारून जाता येईल आणि पिल्लाला येणार नाही अशी. तिचं खाणं आणि मातीचा ट्रे तिथेच हलवा, आणि हे आजच करा, पिल्लाबरोबरच बदल नको. पिल्लाच्या अंगाला पुसलेलं फडकं आधी आणता आलं तर तिला हुंगू द्या.

जिथून पिल्लू आणणार तिथे दोन गोष्टी मागा: आईचा वास असलेला कापडाचा तुकडा, आणि ते सध्या खातंय तेच खाणं आठवडाभर पुरेल इतकं. नवं खाणं त्यात थोडं थोडं मिसळत सात दिवसांत बदला. पहिल्या रात्री क्रेट तुमच्या बिछान्याला लागून ठेवा, हात खाली सोडला तर पोचेल इतका जवळ. लाडावेल वगैरे म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. क्रेट दर दोन-तीन रात्रींनी हातभर लांब सरकवता येतो.

फ्रीजवरच्या त्याच कागदावर जवळच्या डॉक्टरांचा आणि रात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचा नंबर, आणि पिल्लाचं वजन. वजन दर आठवड्याला बदलून लिहा, कारण काही खाल्लं तर फोनवर तेच आधी विचारतात. मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, मिठानेच विषबाधा होते. ॲसिड किंवा रॉकेलसारखं काही गिळलं असेल तर उलटी आणखी नुकसान करते. जे खाल्लं त्याचं पाकीट किंवा झाडाची फांदी बरोबर घेऊन निघायचं.

ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि तिच्यात फक्त एक नंबर असतो, पिल्लू कुठे आहे ते ती सांगत नाही. म्हणून गळ्यात फोन नंबराची पाटीही हवी. गळपट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत, आणि हे दर आठवड्याला तपासा, पिल्लं फार भराभर वाढतात.

यादीतली नऊ खेळणी ठेवा, पण एका वेळी तीनच बाहेर काढा, बाकीची कपाटात, आणि चार दिवसांनी अदलाबदल. दुसरं अंथरूण परत करा. पहिलं फाटल्यावर जुनी चादर चालेल. पिल्लू येण्याच्या आदल्या दिवशी टॉर्च घेऊन परत एकदा जमिनीवर आडवे व्हा, या वेळी मुलीला बरोबर घ्या. सोफ्याखाली काय असतं ते तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण बहुतेक तिचंच असतं.